पहिलं गिऱ्हाईक

मागच्या महिन्यात मी लिहिण्याचे पैसे घेतले. आठशे रुपये. माझ्या अक्षराला पहिल्यांदाच भाव आला आणि तो भाव मी माझ्या तोंडानं सांगितला.

त्याच आठवड्यात आपला अभ्यासवर्ग होता. विषय, लेखकाची बांधिलकी. वर्ग संपता संपता एक पोरगा उठला. वयानं माझ्याहून लहान, वाचनानं थोरला. त्याला कुणीतरी बातमी दिली होती. तो सरळ म्हणाला, “दादा, तुझा आजा पाटलाच्या घरच्या मयताचा सांगावा घेऊन पाच गावं पळायचा. तू पाटलाच्या मयताचा कागद बसून लिहिलास. एवढी वर्षं गेली, बाबासाहेब होऊन गेले, धम्म आला, तू कवी झालास. फरक काय पडला तेवढं सांग.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काही बोललो नाही. राग आला नव्हता. उत्तर नव्हतं. तिसऱ्या पाळीला कामावर गेलो. रिंगफ्रेमवर रात्रभर एकच काम असतं. धागा तुटला की जोडायचा, पुढं सरकायचं, दुसरा तुटला की तो जोडायचा. हात चालू असतात, डोकं मोकळं असतं. सकाळपर्यंत तो पोरगा डोक्यात उभा होता.

हे त्याला उत्तर आहे. पण त्याला एकट्याला नाही. तुमच्यातले बरेच जण लिहिता. आज ना उद्या कुणीतरी तुमच्यापुढं येऊन उभा राहील आणि म्हणेल, एवढं लिहून द्या, काय घ्याल? त्या वेळी काय बोलायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. पांढरपेशांच्या पोरांना ते घरात ऐकून कळतं. आपल्या घरात लेखणीच पहिल्यांदा आली. तिचा भाव कुठनं कळणार?

*

आधी घडलं ते सांगतो.

मला लिहायला शाळेनं कमी आणि वस्तीनं जास्त शिकवलं. नववीत शाळा सुटली. पण अक्षर बरं होतं, म्हणून माणसं कागद घेऊन यायची. जातीच्या दाखल्याचा अर्ज, रेशनकार्डात नाव घालायचा अर्ज, पोराची शिष्यवृत्ती का आली नाही याची विचारणा, गटार तुंबलं म्हणून नगरपालिकेला तक्रार. एकदा मारहाणीची फिर्याद पोलिसांनी घेतली नाही, तेव्हा वरच्या साहेबाला अर्ज लिहिला. रात्री दोन वाजेपर्यंत लिहीत होतो. तारीख, ठिकाण, कुणी, काय केलं, कुणी बघितलं, आमचं मागणं काय. कवितेनंही मला एवढी शिस्त लावली नाही. या कशाचेही पैसे घेतले नाहीत आणि घेणारही नाही. का, ते पुढं येईल.

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ एक फ्लेक्स छापणारा आहे. एप्रिलमध्ये त्याच्या दुकानाबाहेर जयंतीचा बोर्ड टेकून ठेवलेला होता. ‘विनम्र’चं ‘विनर्म’ झालेलं, ‘अभिवादन’मधला ‘भि’ दीर्घ. बारा फुटांचा बोर्ड आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली ही अक्षरं! राहवलं नाही. आत जाऊन सांगितलं. तो आधी चिडला, मग बाहेर येऊन बघितलं, मग कपाळाला हात लावला. मंडळाची पोरं बोर्ड परत घेऊन आली असती तर खर्च त्याच्याच अंगावर पडला असता. मला म्हणाला, “बसा. आतमधी अजून चार हायत, तेवढं बघा.” मी बघितले. त्यातल्या एकाचा मजकूर सगळाच नव्यानं लिहून दिला.

“किती द्याचं?” त्यानं विचारलं.

मी म्हणालो, “द्या काय द्यायचं ते.”

त्यानं चहा-वडापाव मागवला आणि वर पन्नासची नोट दिली. पुढं तीन महिने असंच चाललं. कधी पन्नास, कधी नुसता चहा, कधी ‘पुढच्या टायमाला बघू’. मला वाईट वाटत नव्हतं. उलट, आपण काही पैशासाठी करत नाही, असा एक मोठेपणा वाटत होता. आपण कवी ना!

एक दिवस जेवताना हे सगळं आजीला सांगत होतो. ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणालो, असं सांगितलं आणि ती हसायला लागली. म्हणाली, “आरं, आमी आनि दुसरं काय म्हनत हुतो? खळ्यावर जाऊन, वाड्याच्या दारात उभं ऱ्हाऊन? वाढा माय, काय वाढायचं त्ये.”

घास हातातच राहिला. वाक्य तेच होतं. माझ्या तोंडात ते कुणी घातलं? मी तर कधी कुणाच्या खळ्यावर गेलो नाही, कुणाच्या दारात भाकरी मागितली नाही. तरी ते वाक्य माझ्यापर्यंत न चुकता येऊन पोचलं होतं.

*

आपल्या बापजाद्यांचं काम काय होतं ते आठवा. वेस राखायची. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. मेलेलं ढोर ओढायचं. लाकडं फोडायची. आणि सांगावा न्यायचा. मयताचा सांगावा तर रात्री-बेरात्री, पावसापाण्यातनं. काम ठरलेलं नव्हतं, सांगतील ते. मोबदला ठरलेला नव्हता, देतील ते. याला वतन म्हणायचे आणि आपल्याच काही माणसांना त्याचा अभिमान होता. १८७४ च्या कायद्यानं हे वतन सरकारदप्तरी बांधून टाकलेलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यात दुरुस्ती करायचं विधेयक आणलं. धान्याच्या चार पायल्या वाढवून मिळाव्यात एवढ्यापुरतं ते भांडण नव्हतं. काम किती आणि मोल किती हे ज्याचं कधीच ठरत नाही, तो माणूस मजूरसुद्धा नसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मजूर निदान ‘नाही’ म्हणू शकतो. वतन मोडलं ते १९५८ च्या कायद्यानं, त्यांच्या पश्चात. माझ्या आजाचं पळणं त्यानंतरही काही वर्षं चालूच होतं. कायदा मुंबईत झाला, गावात यायला त्याला वेळ लागला.

आता नीट बघा. सांगावा म्हणजे काय? शब्दच की. आपण गावाचे शब्द वाहून नेणारे लोक होतो. दुसऱ्याचा शब्द, दुसऱ्याच्या गावाला. त्यात आपला एक शब्द मिसळायची मुभा नाही, आणि त्याचा भाव विचारायची तर नाहीच नाही.

म्हणून मी फ्लेक्सवाल्यापुढं जे बोललो तो त्याग नव्हता. त्याग करायला आधी हक्क हातात लागतो. ज्यानं कधी भाव सांगितलाच नाही, तो सोडणार काय? मी बलुतं घेत होतो आणि त्याला निःस्वार्थीपणा म्हणत होतो. तीन महिने तो फ्लेक्सवाला माझं गिऱ्हाईक नव्हताच. मी त्याचा बलुतेदार होतो.

*

मग पाटलाच्या घरचं काम आलं.

म्हाताऱ्या पाटलाला जाऊन वर्ष होत होतं. प्रथम पुण्यस्मरणाचा चार पानांचा कागद छापायचा होता. वर फोटो, आत जीवनपट. मुलगा फ्लेक्सवाल्याकडं आला, फ्लेक्सवाल्यानं मला फोन केला आणि आवाज बारीक करून म्हणाला, “आडनाव सांगू नका. माझाच मानूस म्हनून सांगतो.” त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला धंदा कळत होता.

बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या पुस्तकाचं नाव आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. फोन ठेवला आणि तेच नाव डोळ्यापुढं आलं. मी ठरवलं, चोरायची नाही. वाड्यावर गेलो. पहिल्याच वाक्याला पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. पाटलाचा मुलगा जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “म्हंजे तू त्या अमक्याचा नातू.” फोनवरचं ‘तुम्ही’ दारात ‘तू’ झालं. मी ‘तुम्ही’वरच राहिलो. चहा आला. कप सगळ्यांना होता तसलाच मला होता, ते मी बघून घेतलं. अजून बघावं लागतं, म्हणून लिहून ठेवतो.

मग मी भाव सांगितला. “चार पानांचे आठशे. निम्मे आधी. दोनदा दुरुस्ती करून देईन, तिसऱ्यांदा वेगळे पैसे.” हे मी घरी चारदा घोकून गेलो होतो. आठशे कसे काढले? दोन सुट्ट्या जाणार होत्या. दोन पाळ्यांना गिरणीत मला जे पडतं, तेवढे. साधा हिशेब, पण बोलताना जीभ कोरडी पडली. वाटलं, आता हा हसणार, नाहीतर हाकलून देणार. त्यानं खिशातनं चारशे काढून दिले. एवढंच. ज्या वाक्याला आपल्या घराण्यात कुणी कधी हात लावला नाही, ते वाक्य बोललो आणि आभाळ काही कोसळलं नाही.

लिहायला बसलो तेव्हा पहिली अडचण आली. वर ‘वैकुंठवासी’ लिहायचं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यात श्राद्धपक्ष करणार नाही असं आहे. मग हे कसं? मी असा विचार केला, की श्राद्ध मी करत नाही. कागद त्यांचा, श्रद्धा त्यांची, खाली नावं त्यांची. त्यांनी बापाला वैकुंठात धाडलं तर ती त्यांची मर्जी. लिहिलं. तुमच्यातला एखादा इथंच थांबला असता. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याची रेघ माझ्या रेघेच्या अलीकडं आहे, एवढंच.

माझी रेघ पुढं आली. मुलानं मुद्दे लिहून दिले होते. त्यात एक होता, ‘१९७२ च्या दुष्काळात दादांनी आपली विहीर सर्व समाजाला खुली केली.’

आजी तेव्हा नवी सून होती. तिला विचारलं. ती म्हणाली, “खुली? आमी घागर खाली ठिवायची आन लांब सरायचं. गडी वरनं वतायचा. सांडलं तर सांडलं. निम्मी घागर भरली तरी त्याला म्हनायचं न्हाई, अजून वत.”

दुसऱ्या दिवशी वाड्यावर गेलो. म्हणालो, “हे एक वाक्य मी लिहिणार नाही.” त्यानं कारण विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, “त्या टायमाला समदीच तसं करीत हुती.” मी म्हणालो, “खरं आहे. मग तसं लिहू?” तो बराच वेळ विहिरीच्या बाजूला बघत बसला. मग म्हणाला, “काढून टाक त्ये.” बाकी सगळा कागद मी मनापासून लिहिला. म्हातारा कष्टाळू होता, त्यानं लावलेली झाडं आहेत, बैलांवर त्याचा जीव होता. ते सगळं खरं होतं आणि खरं लिहायला मला कमीपणा वाटला नाही. राहिलेले चारशे मिळाले.

हे माझं पहिलं गिऱ्हाईक. पैसे पहिल्यांदा त्यानं दिले म्हणून नव्हे. पहिल्यांदा मी भाव सांगू शकलो आणि पहिल्यांदा ‘नाही’ म्हणू शकलो, म्हणून.

*

आता खरा प्रश्न. मी विकलं काय?

गिरणीत मी आठ तास विकतो. त्या आठ तासांत निघालेल्या सुताचं पुढं काय होतं हे मला कळत नाही. कुणी त्याचं धोतर विणेल, कुणी झेंडा. झेंडा कुठल्या रंगाचा, हे मला कोण विचारतो? त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. मग तोच न्याय लेखणीला का लावू नये? मजुरी ती मजुरी.

पण सूत जाडं असतं, बारीक असतं, कच्चं असतं. खोटं नसतं. सूत कुणाबद्दल काही बोलत नाही. वाक्य बोलतं. म्हणून लेखणीची मजुरी गिरणीच्या मजुरीसारखी असली तरी सगळीच्या सगळी तशी नाही.

मला यातनं वाट दाखवली ती बाबासाहेबांच्या वकिलीनं. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली आणि त्यांना सोडवून आणलं. पुस्तक बाबासाहेबांनी लिहिलेलं नव्हतं. त्यातला शब्द न् शब्द त्यांचा असायचं कारण नव्हतं. वकील दुसऱ्याची बाजू स्वतःच्या बुद्धीनं मांडतो आणि फी घेतो. त्याला कुणी विकला गेला म्हणत नाही. पण त्याच कोर्टात समोर पिंजऱ्यात साक्षीदार उभा असतो. त्याला जाण्यायेण्याचा भत्ता मिळतो, साक्षीचा भाव मिळत नाही. साक्षीदारानं भाव घेतला की साक्ष तिथंच मेली.

प्रत्येक लिहिणाऱ्यात हे दोघं बसलेले असतात, वकील आणि साक्षीदार. वकील भाड्यानं द्यायला हरकत नाही. कुणाचा जाहिरातीचा मजकूर, लग्नाची पत्रिका, दुकानाच्या उद्घाटनाचा कागद, कुणाच्या बापाचा जीवनपट. शब्द जुळवायचं कसब आहे, ते विका. चार पैसे जास्त घ्या. पण जिथं वाक्य म्हणतं, असं असं घडलं, तिथं वकील उठतो आणि साक्षीदार उभा राहतो. त्या विहिरीवर कोण कसं पाणी प्यालं, हे मजकुराचं काम नव्हतं. ती साक्ष होती. आणि साक्ष माझ्या एकट्याच्या मालकीचीही नव्हती. ती आजीची होती.

कुणी म्हणेल, कागदावर तुझं नाव तरी कुठं होतं? दुसऱ्याच्या नावानं छापणार, मग तुला काय? मित्रांनो, आजाच्या सांगाव्यावरही त्याचं नाव नव्हतं. बिननावाचं आहे म्हणून वाटेल ते वाहून न्यायचं, हेच तर वतन. मी एक खूण धरून ठेवली आहे. लिहिलेलं वाक्य वस्तीत मोठ्यानं वाचायचं, आजी समोर बसलेली आहे असं समजून. तिच्या तोंडाकडं बघून जे वाचता येत नाही, ते कुणाच्याही नावानं विकायचं नाही.

*

यातनं कुणी असा अर्थ काढू नका, की भाव सांगितला की जात संपली. बाजार जात बघत नाही, फक्त कसब बघतो, असं सांगणारे भेटतील. त्यांना बाबासाहेबांच्याच आयुष्यातली पानं दाखवा. १९१७ साली परदेशातून शिकून आलेला हा माणूस बडोद्याच्या नोकरीतून अपमान घेऊन मुंबईला आला आणि पोटासाठी शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला द्यायची कचेरी काढली. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकं यायला लागली होती. सल्ला देणारा महार आहे हे कळलं आणि गिऱ्हाईकं गेली. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे भरून जाहिरात द्यायची तयारी असताना ‘केसरी’नं ती छापली नाही. म्हणजे आपण विकायला गेलो तर घेणार नाहीत, आणि विकत घ्यायला गेलो तर देणार नाहीत. १९२३ ला बॅरिस्टर होऊन आले, तरी सॉलिसिटर काम देईनात. गिऱ्हाईक मिळण्याची वाट बघत बसलेले बाबासाहेब, हे चित्र आपण जयंतीच्या बोर्डावर कधी छापत नाही. ते छापायला हवं.

माझ्या अनुभवानं मी एवढंच सांगतो, की पहिलं गिऱ्हाईक लांब शोधू नका. कवितांची वही घेऊन मोठ्या शहरातल्या वर्तमानपत्रांच्या पायऱ्या मी चढून बघितल्या आहेत. पहिलं गिऱ्हाईक तिथं असतं जिथं तुम्हाला चूक दिसते आणि दुसऱ्याला तिचा खर्च पडतो. आपण वस्तीसाठी अर्ज लिहून जे कसब कमावलं, त्याचीच बाहेर कुणाला तरी गरज असते. तिथं जा आणि नाव आधी सांगा. जी गोष्ट नंतर कळून गिऱ्हाईक जाणार, ती आधीच सांगून गेलेलं बरं. कामावर घाम तरी वाया जात नाही. भाव काम सुरू व्हायच्या आधी सांगा, किती पानं आणि किती दुरुस्त्या ते सांगा, निम्मे पैसे आधी घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. गिरणीत रुजू होताना मी पगार विचारला होताच की.

*

मग सगळ्याचेच पैसे घ्यायचे का? वस्तीच्या अर्जांचं काय, या अंकातल्या लेखाचं काय?

बाबासाहेबांनी इथंही दोन खाती वेगळी ठेवलेली दिसतात. १९२५ ते २८ या काळात ते बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते, पगार घेऊन. त्याच काळात, १९२७ ला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाला आणि त्याचे रकानेच्या रकाने ते एकट्यानं भरत होते, एक पैसा न घेता. एका खात्यातनं घर चाललं, दुसऱ्या खात्यातनं चळवळ. ज्ञानाची फी घेतली म्हणून ते ज्ञान बाटलं नाही. आणि चळवळीचं लिहिणं फुकट केलं ते भाव माहीत नव्हता म्हणून नाही. भाव माहीत असून सोडला. त्याला त्याग म्हणतात.

नाहीतर काय होतं? अण्णा भाऊ साठे बघा. गिरणीत राबलेला माणूस. ‘फकिरा’ १९५९ ची, १९६१ ला तिला राज्य सरकारचा पुरस्कार. आयुष्याचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत गेला, आणि १९६९ ला गेले ते गरिबीतच. आपण त्यांच्या गरिबीचे पोवाडे गातो. मला त्या गरिबीचा अभिमान वाटत नाही, संताप येतो. लिहिणारा गरीब राहिला म्हणून पुस्तकं काही फुकट वाटली गेली नाहीत. कागदवाल्याला पैसे मिळाले, छापणाऱ्याला मिळाले, विकणाऱ्याला मिळाले. सगळ्यांचं पोट भरणाऱ्या साखळीत एकट्या लेखकानं तेवढं निःस्वार्थी राहायचं, हा कुठला न्याय? दलित लेखकाला तर हा उपदेश जास्तच होतो.

तरी एक गोष्ट आपल्याच वस्तीतल्या एका बाईनं मला शिकवली. ती बचतगटात पापड-चटण्या करते. पाकिटावरचा मजकूर लिहून मागितला. मी म्हणालो, “मावशी, तुझ्याकडनं काय पैसे घ्यायचे?” ती म्हणाली, “फुकाट नगं. फुकाट घितलं की नावडलं तरी बोलता येत न्हाई.” अडीचशे ठरले. मी ‘स्वादिष्ट आणि रुचकर’ लिहून नेलं, तर म्हणाली, “ह्ये कोन बोलतं रं आपल्यात? परत लिव.” परत लिहिलं. तिनं पैसे मोजले म्हणून तिला ‘परत लिव’ म्हणता आलं. भाव हा एकट्या विकणाऱ्याचा हक्क नाही, घेणाऱ्याचाही आहे, हे तेव्हा कळलं.

म्हणून माझा नियम असा. माणसाला त्याचा हक्क मिळवायला कागद लागतो, तिथं पैसे घेणार नाही. धंद्याला, हौसेला, मानपानाला कागद लागतो, तिथं घेईन. आपला असो, परका असो.

*

त्या पोराची एक शंका मला आधीच ऐकू येते. ‘दादा, तुला गिरणीचा पगार आहे, म्हणून तू पाटलाला नाही म्हणालास. ज्याच्या घरात चूल पेटली नाही, तो विहिरीचं वाक्य गाळेल का?’ खरं आहे. माझं ‘नाही’ तिसऱ्या पाळीनं विकत घेतलेलं आहे. उद्या गिरणी बंद पडली तर ते किती टिकेल, याची शपथ मी घेत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुरू झालेल्या संपानंतर किती घरांचं काय झालं, हे आपण ऐकून आहोत. उपाशी माणसाच्या नीतीवर पोटभरल्यानं बोलू नये. म्हणूनच तुम्हाला सांगतो, हातातलं काम सोडून लेखणीवर एकदम पोट टाकू नका. पहिलं गिऱ्हाईक हे एकमेव गिऱ्हाईक असता कामा नये. एकच गिऱ्हाईक असलं की तो मालक होतो.

आणखी एक सांगतो. हल्ली फ्लेक्सवाला मला म्हणतो, “आता तुमची गरज न्हाई. मोबाईलला सांगितलं की मिनिटात मजकूर लिवून देतो.” त्यानं करून दाखवलं. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं होतं. मी गंमत म्हणून विहिरीचं वाक्य घालायला सांगितलं. यंत्रानं ते जसंच्या तसं घातलं, वर ‘उदार अंतःकरणाने’ असं पदरचं जोडलं. यंत्राचा दोष नाही. त्याला आजी नाही. कसब यंत्रानं नेलं तर जाईल. गिरण्यांतही हातांचं काम यंत्रांनी नेलंच. उरेल ती साक्ष. आणि तिचा तर आपण भाव घेत नाही.

तर गड्या, तू विचारलास तो फरक एवढाच आहे. आजाला भाव सांगता येत नव्हता, नाही म्हणता येत नव्हतं आणि सांगाव्यातला शब्द बदलता येत नव्हता. मला या तिन्ही गोष्टी एकदा, एका दुपारी, करता आल्या. फार मोठा फरक आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला शंभर वर्षं लागली.

आणि तू विचारला नाहीस तो प्रश्न मीच विचारतो. मी खोटं वाक्य गाळलं, पण खरं वाक्य लिहिलं कुठं? पाटलाच्या कागदात त्या जागी आता नुसती मोकळी जागा आहे. वाचणाऱ्याला कळणारही नाही, की इथं काही होतं. आठशे रुपयांत मी तेवढी गप्प बसायची किंमत घेतली, असं कुणी म्हणालं तर मला पुरतं नाकारता येत नाही. म्हणून ते वाक्य इथं लिहितो. याचे पैसे नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात त्या विहिरीवर माझ्या आजीला घागर खाली ठेवून लांब सरावं लागायचं, आणि पाणी वरून ओतलं जायचं.

जयभीम.